काढलेली बाई

७ जानेवारी, मंगळवार

ओपीडीतलं ते चित्र आज नीट पाहिलं. पूर्वी एकदा पाहिलं होतं, गुडघा दाखवायला गेलो होतो तेव्हा. पण तेव्हा सगळं लक्ष गुडघ्यात.

संग्रहालयात आम्ही दुरुस्तीला आलेल्या चित्रांना थट्टेनं पेशंट म्हणतो. तीस वर्षांत पहिल्यांदाच असा पेशंट मिळाला, जो आधीपासूनच हॉस्पिटलात दाखल आहे.

चित्र बारा फूट लांब, कॅनव्हास भिंतीलाच चिकटवलेलं. एका लांबलचक बाकावर बायका बसल्यात आणि दाराकडे बघतायत. आतून आपलं नाव कधी पुकारतील म्हणून. बाकी काही नाही. पण काय बसल्यात! एकीनं मांडीवरची पिशवी अशी धरलीय की आत अंडी असावीत. एक झोपलीय, पण कान जागे आहेत. एक शेजारणीच्या बोलण्याला मान डोलावतेय आणि एक अक्षर ऐकत नाहीये. आणि या चित्राच्या बरोबर खाली खराखुरा बाक, त्यावर खऱ्याखुऱ्या बायका, त्याही दाराकडेच बघत.

चित्राला चाळीस वर्षं झाली, चित्रकार बाईंना जाऊन नऊ. वॉर्निश पिवळं पडल्यामुळे सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते. वरच्या कोपऱ्यात ओल, दोन ठिकाणी पोपडे. हॉस्पिटलचे प्रमुख, त्यांना तिथं सगळे मोठे डॉक्टर म्हणतात, म्हणाले, "एक मार्चला आम्हाला पन्नास वर्षं पूर्ण होतायत. तोवर एकदम उजळून द्या."

निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं. एवढं काम पुन्हा हाताला लागायचं नाही. शीळ घालत घरी आलो. बायको म्हणाली, "काय हो, गुडघा बरा झालेला दिसतोय."

९ जानेवारी, गुरुवार

शिडीवर चढून बायका मोजल्या. अकरा. पण खऱ्या दहाच.

उजव्या टोकाची अकरावी बाई या चित्रातली नाहीच. पहिल्या नजरेत कळतं. दहा जणींच्या अंगात हाडं आहेत, हिच्या अंगात लाकूड. एक खांदा दुसऱ्यापेक्षा चार बोटं खाली. पंजे हातमोज्यांसारखे. चेहरा म्हणजे थापलेला पिठाचा गोळा, आणि त्यात दोन डोळे सरळ आपल्यावर रोखलेले. दहाजणी दाराकडे बघतायत आणि ही आपल्याकडे! चांगल्या गाण्यात कुणीतरी मोठ्यानं शिंकावं तसं होतं. असलं काम बघितलं की माझ्या बोटांना खाज सुटते.

तिथं एक मावशी आहेत. वीस वर्षं ओपीडीत आहेत. लोकांना रांगेत बसवणं, पाणी देणं, रडणाऱ्यांना बाजूला घेणं, सगळं त्याच करतात. मी त्या अकराव्या बाईवर भिंग धरल्यावर लगेच आल्या.

"साहेब, तिला जोरात पुसू नका हं."

"का? तुमची कोण लागते?"

"मी कामाला लागले तेव्हापासून आहे ती. बघा तुम्ही, एकटी आलेली बाई तिच्याच खाली बसते. तीच एकटी माणसाकडे बघते ना. बाकीच्यांना आपली पडलेली."

खरंच, तिच्या खांद्याखाली चित्रावर तेलकट काळसर डाग आहे, बशीएवढा. बाकावर बसणाऱ्या बायका डोकं टेकत असणार. वहीत नोंद केली : उजवीकडे खाली तेलकट मळ, साफ करणे.

मावशींना बोलायला विषय मिळालेला. वर्षातून एकदा म्हणे एक आजोबा येतात. तपासायला नाही. चित्रासमोरच्या खुर्चीत अर्धा तास बसतात, खिशातलं घड्याळ बघतात आणि जातात. "त्यांना विचारा की चित्राचं," म्हणाल्या. "उन्हाळा लागायच्या सुमाराला येतात."

चित्रांचे असे भक्त सगळीकडे असतात. आमच्याकडे एक गृहस्थ दर रविवारी एकाच जलरंगासमोर डुलकी काढतात.

१५ जानेवारी, बुधवार

चोराला रंगेहाथ पकडलं, अक्षरशः.

अकरावीच्या अंगावरचा रंग चित्रकाराचा रंगच नाही. दारांना लावतात तो ऑइलपेंट आहे. सहज म्हणून ओपीडीच्या जुन्या दारांचा रंग खरवडून पाहिला, तर खालच्या थरात तोच, तसाच शेवाळी-करडा. म्हणजे कधीतरी दारं रंगवायला आलेल्या एखाद्या रंगाऱ्यानं उरलेल्या डब्यातून हौस भागवून घेतली.

आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना कणाएवढा नमुना दिला होता. त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला : खाली मूळ चित्र, त्यावर वॉर्निश, वॉर्निशवर धुळीची काळी रेघ, आणि त्यावर हा ऑइलपेंट. मूळ चित्रानंतर पंधरा-वीस वर्षांनी चढवलेला.

"झालं तर मग," मी म्हटलं. "नंतरचा, आणि दुसऱ्या हाताचा."

बाई म्हणाल्या, "नंतरचा, एवढं मी लिहून देते. धुळीवरून वेळ कळते हो, हात कळत नाही."

"हात ओळखायला मी आहे की."

त्या हसल्या नाहीत. त्या फारशा हसतच नाहीत, त्यामुळे काही वाटलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

चित्रकार बाईंच्या घरच्यांना डिसेंबरातच पत्र पाठवलं होतं, नियमाप्रमाणे. आज परत आलं. ‘या पत्त्यावर राहत नाहीत.’ फाइलला लावून टाकलं. बाईंना मूलबाळ नव्हतं. एक धाकटा भाऊ होता, असं जुन्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत आहे. शोधायला हवा. पण दिवस मोजकेच आहेत.

दुपारी समिती बसली. समिती म्हणजे मोठे डॉक्टर, प्रयोगशाळेतल्या बाई आणि मी. मी फोटो दाखवले. एका फोटोत अकरावी बाई झाकून टाकली होती, चित्र मूळचं कसं दिसत असेल ते कळावं म्हणून. मोठे डॉक्टर म्हणाले, "अरे वा! हे तर सरळच आहे. गाठ आहे, काढून टाका."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, "घरच्यांचं काय झालं?"

मी म्हटलं, "पत्र पाठवलं होतं." हे खोटं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "आत्ता काढलं नाही तर पुढं कधीही काढता येईल. काढलं तर परत..." मी म्हटलं, "माहीत आहे मला." जरा चढ्या आवाजातच म्हटलं. हेच वाक्य मी वीस वर्षं नव्या लोकांना शिकवत आलोय. आपण भरलेला रंग पुन्हा काढता येतो, चिकटवलेलं सोडवता येतं. साफसफाई तेवढी मागं फिरत नाही. म्हणून दहादा विचार करायचा. मी केला होता.

ठराव झाला.

२३ जानेवारी, गुरुवार

बायकोला सगळं सांगितलं. ही पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती, त्यामुळे हिला चित्र म्हटलं की पुरावा लागतो.

"चित्रात अकरा आहेत, तुम्ही दहा म्हणता. कशावरून?"

"अकरावी वाईट काढलीय म्हणून."

"म्हणजे चांगल्या माणसाच्या हातून वाईट काम होत नाही, असं धरून चाललात."

मी तिला रंगाचा, धुळीचा, दारांचा पुरावा सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे बरोबर असेलही. पण उत्तर आधी ठरवून मांडलेल्या गणितासारखं वाटतं."

भाजी निवडताना माणसाला काहीही सुचतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वॉर्निश उतरवून झालं. दहाजणींच्या गालांवर रंग आला. पिशवीवालीची पिशवी निळी निघाली!

आज अकरावीला हात घातला. द्रावण लेपासारखं घट्ट करून लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, फुगलेला रंग काडीवरच्या कापसाच्या बोळ्यानं उचलायचा. पायांपासून सुरुवात केली. पाय गेले, खाली बाकाचा पाय निघाला, जसाच्या तसा, ताजा. मोठ्या आजारातून उठलेलं माणूस बघावं तसा आनंद झाला.

ओपीडी चालूच असते, म्हणून पडदा लावलाय. मावशी पडदा सारून आत आल्या. बघत राहिल्या. "काढताय?" एवढंच. मी म्हटलं, "मावशी, ती मूळची नाही." त्या म्हणाल्या, "मूळचं कोण असतं इथं?" आणि कुणाच्या तरी हाकेला गेल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चेहरा शेवटी ठेवला होता. का ते माहीत नाही. साडेअकराला लेप लावला. पाच मिनिटं ती माझ्याकडे बघत होती आणि मी घड्याळाकडे. मग तीन बोळ्यांत गेली.

खाली जे निघालं ते लिहायला शब्द नाहीत. बाकाचं रिकामं टोक, आणि त्यावर उघड्या दारातून आलेला उजेड. बस. दहाजणी ज्या दाराकडे बघतायत ते दार चित्रात नाहीच. फक्त त्याचा उजेड आहे, त्या रिकाम्या जागेवर. चित्राचा सगळा अर्थ तिथं होता आणि एका रंगाऱ्यानं त्यावर बाई बसवली होती.

डोळ्यांत पाणी आलं. द्रावणाच्या वासानं येतं, पण हे ते नव्हतं.

१ मार्च, शनिवार

समारंभ झाला. भाषणं झाली. एका वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं, "चित्राला पुन्हा जन्म दिलात असं वाटतं का?" मी म्हटलं, "छे, मी फक्त मधलं खोटं बाजूला केलं." हे वाक्य बरं जमलं. उद्या छापून येईल.

ही आली होती. चित्र बराच वेळ बघून म्हणाली, "सुंदर आहे." मग म्हणाली, "तिथं खूप रिकामं वाटतं नाही?" मी म्हटलं, "तेच तर."

१९ मार्च, बुधवार

क्रमानं लिहितो.

सकाळी अकराच्या सुमाराला मावशींचा फोन आला. त्यांना माझा नंबर कुठून मिळाला कोण जाणे. "साहेब, ते आजोबा आलेत. तुम्ही या." आवाज असा होता की मी रिक्षा करून गेलो.

ते चित्रासमोरच्या खुर्चीत बसले होते. पंच्याहत्तरीचे असतील. स्वच्छ कपडे, छातीच्या खिशात जाड भिंग. मी जवळ जाऊन माझी ओळख सांगितली. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "ताई कुठं आहे?"

मला वाटलं कुणाला तरी तपासायला घेऊन आलेत आणि चुकामूक झाली. मी म्हटलं, "आत नंबर लागला असेल."

"नाही हो," त्यांनी बोट दाखवलं. "इथं. टोकाला. माझी ताई."

मी त्या बोटाच्या रोखानं बाकाच्या रिकाम्या टोकाकडे बघितलं.

ते चित्रकार बाईंचे धाकटे भाऊ. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. आता दुसऱ्या गावी राहतात, मुलीजवळ. ताईच्या वाढदिवसाला दर वर्षी इथं येतात. आज तिचा वाढदिवस.

त्यांनी सांगितलं ते असं. चित्र काढल्यावर अठरा वर्षांनी बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. हात गेला. आठ महिने दर मंगळवारी भाऊ त्यांना व्यायामाच्या उपचारासाठी इथंच आणायचे आणि त्या याच बाकावर, आपल्याच चित्राखाली, नंबर लागायची वाट बघत बसायच्या. एका मंगळवारी म्हणाल्या, "मी या बायकांना उभी राहून बघितलं होतं रे. बसून कसं असतं ते मला माहीतच नव्हतं. चित्र अर्धंच राहिलंय."

त्या वेळी हॉस्पिटलची दारं रंगवायचं काम चालू होतं. रंगाऱ्याकडे उरलेला रंग मागितला. आपले रंग मिसळायला हाताची बोटं वळत नव्हती. डब्यातला तयार रंग बरा पडला. चार मंगळवार, डाव्या हातानं, भावानं कोपर धरून. त्या वेळचे डॉक्टर बघून गेले, कुणी काही बोललं नाही. कागदावर काहीच झालं नाही.

"उजवा खांदा तिचा असाच उतरला होता," ते म्हणाले. "बरोब्बर असाच. मी म्हटलं, ताई, जरा सरळ काढ की. म्हणाली, खोटं कशाला?"

दुसऱ्या हाताचं काम. मी अहवालात तसंच लिहिलंय, आणि ते शब्दशः खरं आहे.

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "घड्याळात मीही जुने भाग बदलले हो. पण गिऱ्हाइकाला विचारून."

पत्र परत आल्याचं मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं. पण ते सांगणं म्हणजे बचाव झाला असता.

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी आजोबांना पाणी दिलं. मग मलाही दिलं. ते जास्त लागलं.

२० मार्च, गुरुवार

कामावर गेलो नाही. हिला काल सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ‘मी म्हटलं होतं ना’ म्हणेल. म्हणाली नाही. त्याऐवजी आज दिवसभर माझ्या आवडीचं करून वाढत होती. एखाद्याच्या घरी कुणी गेल्यावर करतात तसं.

२४ मार्च, सोमवार

प्रयोगशाळेतल्या बाईंना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "ठरावावर माझीही सही आहे." हे त्यांचं मोठेपण. पण ‘घरच्यांचं काय झालं’ हे त्यांनी विचारलं होतं आणि मी उत्तर देण्याऐवजी वाक्य टाकलं होतं, हे आम्हा दोघांना माहीत आहे.

वापरलेले बोळे कधीच जाळून झाले. नमुन्याची काच तेवढी त्यांच्या कपाटात आहे. एक कण. मोहरीच्या दाण्याच्या पावपट. चित्रकार बाईंचं डाव्या हातानं केलेलं जेवढं काम आता उरलंय, तेवढं त्या काचेवर आहे.

२६ मार्च, बुधवार

कागद घेऊन बसलो आणि डाव्या हातानं बसलेली बाई काढायचा प्रयत्न केला. माझा डावा हात धडधाकट आहे. तरी दोन तासांत खांद्याची एक रेघ धड उतरली नाही. मनगट ऐकतच नाही. रेघ आपली आपण भलतीकडे जाते. शेवटी खांदा आखडला. माझ्याकडे अकरावीचे मोठे फोटो आहेत, ते काढून पाहिले. त्या लाकडी रेघा! एकही रेघ मागं घेतलेली नाही, दोनदा गिरवलेली नाही. ज्या बाईचा हात पूर्वी पाण्यासारखा चालायचा, तिनं प्रत्येक इंच असा ढकलत नेला असेल, आणि तरी रेघ जिथं हवी तिथंच नेली. मी तीस वर्षं ‘हात’ ओळखण्याची फुशारकी मारत आलो. मी फक्त सफाई ओळखत होतो.

आणि आता एक गोष्ट, जी कुणालाही सांगितलेली नाही. हिलाही नाही. चित्र तिच्याशिवाय जास्त चांगलं दिसतं. हे कळल्यावर तरी माझा डोळा बदलेल असं वाटलं होतं. बदलला नाही. परवा पुन्हा जाऊन बघितलं. तो रिकाम्या जागेवरचा उजेड अजून तितकाच सुंदर आहे. बाईंनी स्वतः तो झाकला होता, माहीत असून, आपल्या सगळ्यात सुंदर हातभर जागेवर दाराचा रंग फासून. का, ते मला शब्दांत कळतं. डोळ्यांना कळत नाही. म्हणजे आधी खरं सगळं माहीत असतं तरी, आतून कुठंतरी, मला ती काढायचीच होती.

२ एप्रिल, बुधवार

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बसलो : ते, आजोबा आणि मी.

मोठे डॉक्टर म्हणाले, "फोटो आहेत, हात तुमचा तयार आहे. परत काढून द्या. आठ दिवसांचं काम. विषय संपला."

मी म्हटलं, "तसं करता येत नाही. ते माझं काम होईल, त्यांचं नाही. लोक तिला बाईंची समजून बघतील. ती नक्कल..."

"काढा हो," आजोबा मधेच म्हणाले. मी त्यांना इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "मला माहीत असेल ती तुमची आहे. चालेल मला. नुसती बसलेली दिसू दे."

मी नाही म्हटलं. का नाही ते समजावायला लागलो. जे हरवलं ते हरवलं असं दिसलं पाहिजे; आपण जागा भरावी पण माणूस बनवू नये. सगळं बोललो, वर्गात बोलतो तसं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिला काढलंत तेव्हा नियमात बसलं. आता काढा म्हणतो तर नियमात बसत नाही." आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

घरी येताना बसमध्ये विचार केला : माझा नकार तत्त्वाचा होता का? की ती बाई मी काढली असती आणि चांगली निघाली असती, याची भीती वाटली? ऐकत नसलेल्या हाताची रेघ मला चोरता आली नसती. माझ्याकडून खांदा नकळत सरळ झाला असता.

निम्मं तत्त्व, निम्मी भीती. एवढ्यावर एका म्हाताऱ्या माणसाला नाही म्हटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

तोडगा निघाला. चित्राच्या शेजारी अकरावी बाईचा फोटो लावायचा, होती तेवढ्याच आकाराचा, आणि खाली माहिती. मोठ्या डॉक्टरांच्या ऑफिसातून मजकूर आला : ‘दुरुस्तीच्या वेळी चित्राचा उत्तरकालीन भाग काढण्यात आला.’

काढण्यात आला! कुणी काढला? वाऱ्यानं?

मी खोडून लिहिलं : ‘बाकाच्या या टोकाला चित्रकार बाईंनी आजारपणात, डाव्या हातानं, स्वतःला बसवलं होतं. ते दुसऱ्या कुणाचं काम समजून मी पुसून टाकलं. त्यांच्या भावाला शोधायला हवं होतं. मी शोधलं नाही.’ खाली माझं नाव आणि हुद्दा.

मोठे डॉक्टर म्हणाले, "हॉस्पिटलच्या भिंतीवर चुकीची कबुली? अहो, उद्या लोक सर्जनलाही पाटी लावायला सांगतील." मग चष्मा काढून परत वाचलं. "संग्रहालयवाले काय म्हणतील तुम्हाला?"

"म्हणतील ते म्हणतील. सव्वा वर्षच राहिलंय... आता एकच."

लावू दिली. माझं नाव जरा बारीक अक्षरात करा म्हणाले, माझ्याच काळजीनं. मी तेवढंच ठेवलं.

२१ एप्रिल, सोमवार

फोटो आणि पाटी लागली. मुद्दाम तासभर बसलो. बायका येतात, चित्र बघतात, पाटी सहसा वाचत नाहीत. एकीनं वाचली, पूर्ण, ओठ हलवत. मग इकडंतिकडं बघितलं, हे करणारा माणूस इथंच असावा तसं. मी होतोच.

फोटो उंचावर लावलाय, काचेत. त्याला डोकं टेकता येत नाही. हे मला आज कळलं. मावशींना आधीच कळलं असणार. त्या माझ्याशी नीट बोलल्या, पण तिचा विषय काढला नाही. त्यांना तिच्याबद्दल बोलायला केवढं आवडायचं.

५ मे, सोमवार

पाटीचा फोटो आजोबांना पोस्टानं पाठवला होता. उत्तर आलं नाही, म्हणून परवा बायको म्हणाली, "पत्रावर नका थांबू. जाऊन या." दोन तासांचा प्रवास. गेलो.

मुलीच्या घरी मागच्या खोलीत त्यांचं टेबल आहे, अजून बारीकसारीक घड्याळं उघडून ठेवलेली. मला बघून नवल वाटलं नाही त्यांना. चहा झाला. पाटीबद्दल म्हणाले, "लिहिलंत ते बरं केलंत." त्यात गोडवा नव्हता आणि रागही नव्हता. मग बराच वेळ दुसऱ्याच गोष्टी. माझा गुडघा, त्यांचे डोळे.

उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "थांबा." कपाटातून एक वही काढली. शाळेची असते तशी, कडा फुगलेली, वर कसलासा डाग.

"ताईची. डाव्या हाताची. हॉस्पिटलात काढायच्या आधी घरी गिरवायची."

वही त्यांनी टेबलावर स्वतःसमोर ठेवली, मी शेजारी खुर्ची ओढली. पानं तेच उलटत होते, एकेक, थुंकी न लावता, घड्याळाचं झाकण उघडावं तशी. पहिली वीस-पंचवीस पानं नुसत्या रेघा. कागद फाटेपर्यंत दाबलेल्या. मग बाक. मग बाकावर कुणीतरी, आधी पोतं ठेवल्यासारखं, मग हळूहळू माणूस. पानापानाला बसायला शिकत असल्यासारखी.

मी जे मागितलं नव्हतं आणि ज्याचा मला अधिकार नव्हता, ते हा माणूस मला दाखवत होता. का, ते मी विचारलं नाही.

एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. तिथं चीर पडायला आली होती. माझं बोट आपसूक पुढं झालं, सरळ करायला. तीस वर्षांची सवय.

त्यांनी माझं मनगट धरलं. जोरानं नाही.

"राहू द्या," म्हणाले, आणि पुढचं पान उलटलं.